बांधावरची माती

आमच्या मंगळवेढ्याच्या मुलखात माणसाची अब्रू दोन गोष्टींवरून मोजतात. एक, लेकीच्या लग्नात पंगतीला तूप किती सढळ हाताने वाढले. आणि दुसरी, रानात तण किती आहे. तुपाचे एक बरे असते, ते एकदाच वाढायचे असते. तण मात्र बारा महिने तुमची परीक्षा पाहते. वाटेने जाणारा माणूस गाडीचा वेग कमी करतो, तुमच्या रानावरून नजर फिरवतो आणि ‘गुरुजी, कुंदा लई माजलाय की,’ एवढेच म्हणून निघून जातो. त्या रात्री जेवण गोड लागत नाही.

मी पेशाने शिक्षक, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. म्हणजे गावाच्या हिशेबी शेतीला दोन्हीकडून निरुपयोगी. तेव्हा निदान आपले रान तरी इतरांपेक्षा स्वच्छ असावे असा माझा हट्ट असे. २०१३ साली हा हट्ट हाताबाहेर गेला. कारण त्या वर्षी माझे आणि अण्णाचे बांधावरून वाजले.

अण्णा माझा चुलतभाऊ. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याच्या खांद्यावर बसून मी लहानपणी हुरड्याला गेलो आहे. आजोबांनी दोन्ही मुलांना रान वाटून देताना मधोमध जो बांध घातला, त्याच्या एका अंगाला आमचे चार एकर आणि दुसऱ्या अंगाला त्याचे चार. बांधावर दोन बोरी, एक वेडीवाकडी बाभूळ, आणि मारवेल नि हराळी यांचे दाट गवत. दोन पिढ्या कोणाचे काही बिनसले नव्हते. मग कोणाच्या तरी ट्रॅक्टरचा फाळ बांधात शिरला. मी म्हणे अण्णाच्या, अण्णा म्हणे माझ्या वाटेकऱ्याच्या. बांध हातभर कोरला गेला एवढे मात्र खरे होते. प्रकरण कोर्टात गेले आणि तेथून ‘जैसे थे’चा हुकूम झाला : निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कोणीही बांधाला हात लावू नये.

या रोजच्या कटकटीला कंटाळून माझा वाटेकरी सोडून गेला. मी कोर्टाच्या आवारात चार माणसांसमोर म्हणालो, ‘निकाल लागेपर्यंत मी या रानात तिफण घालणार नाही!’ अशी वाक्ये कादंबरीत शोभतात. घरी येऊन आईला सांगितले तेव्हा ती भाकरी थापत होती. ती एवढेच म्हणाली, ‘रान उपाशी ठेवू नये, बाबा.’

‘उपाशी कुठं? विश्रांती घेतंय,’ मी म्हणालो.

आणि मला ते मनापासून खरे वाटत होते. जमीन पड टाकली की तिला विश्रांती मिळते, तिचा कस भरून येतो, हे मी वर्षानुवर्षे वर्गात मुलांना सांगत आलो होतो. शिवाय रान नुसते पडून राहिले असते तर गावाने ‘मास्तरला झेपेना’ म्हटले असते. म्हणून दर वर्षी मी भाड्याने ट्रॅक्टर लावून नांगरट करवली, पावसाळ्यात तीन-तीन पाळ्या घातल्या, आणि एवढ्यानेही जे डोके वर काढील त्याच्यावर तणनाशक मारले. २०१३ गेले. २०१४ आणि २०१५ ही तर आमच्याकडे दुष्काळाचीच वर्षे. तेव्हा पेरले नाही याची खंतही वाटली नाही. बांधापलीकडे अण्णा मात्र दर वर्षी पेरत होता. कडब्यापुरते, जनावरांपुरते, जे येईल ते. त्याचे ते गुडघ्याएवढे, पिवळट, दुष्काळी शाळूचे रान आणि माझी ती काळी कुळकुळीत, घोटीव पाटीसारखी चार एकर जमीन पाहून मला, काय सांगू, एक प्रकारचा विजय झाल्यासारखे वाटे.

२०१६ च्या सप्टेंबरात पाऊस चांगला झाला. खटल्याचा निकाल काही दृष्टिपथात नव्हता. पण ओल पाहून माझी प्रतिज्ञा विरघळली. नवा वाटेकरी धरला आणि पेरणी केली. तीन एकर शाळू, त्यात जवसाचे पाटे. एक एकर हरभरा, आणि हरभऱ्यात आमच्याकडे टाकतात तशी थोडी मोहरी. खतही दिले. तीन वर्षे विश्रांती घेतलेले रान! मी तर कडब्याच्या गंजीची जागासुद्धा मनात ठरवून टाकली होती.

दिवाळी आली तेव्हा पीक महिन्याचे झाले होते. पण त्याला महिन्याचे म्हणवत नव्हते. शाळूची पाने कडेने जांभळट पडली होती. हरभरा बोटभर वर येऊन तेथेच बसला होता. जवसाची तर मला दयाच आली. शाळेत मारकुट्या मास्तरापुढे उभी असलेली पोरे दिसतात तसे ते तासात उभे होते. फक्त मोहरी तेवढी टवटवीत. आणि बांधापलीकडे, त्याच पावसावर, त्याच दुकानातून आणलेल्या बियाण्यावर, अण्णाचा शाळू मांडीला लागत होता.

गाव बोलू लागले. ‘भावाचा तळतळाट लागला,’ असे एकजण माझ्या पाठीमागे, पण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. दिवसा मी त्याला हसलो. रात्री मात्र हसू येईना. आणि मग मनात त्याहून वाईट शंका आली, ती येथे कबूल करतो. अण्णाने रात्री येऊन रानात काही ओतले तर नसेल? ज्याच्या खांद्यावर बसून हुरड्याला गेलो त्याच्याविषयी ही शंका! लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरात पणत्या लागत होत्या आणि मी विजेरी घेऊन रानात, अण्णाच्या पापाचा पुरावा शोधत बांधाकडे चाललो होतो.

बांधापाशी गेलो आणि चमकलो. बांधाला लागून असलेले माझ्याकडचे तीन-चार तास उंच, हिरवेगार, अण्णाच्या शाळूशी बरोबरी करणारे होते. काही ओतायचे तर माणूस आधी बांधापासूनच सुरुवात करणार. आणि नेमकी तेथेच माझी लक्ष्मी उभी होती. मी विजेरी विझवली आणि बराच वेळ काळोखात उभा राहिलो. पलीकडे अण्णाच्या वस्तीवर आकाशकंदील लागला होता. तीन वर्षांत त्या घरातून आमच्याकडे फराळाचे ताट आले नव्हते; आणि आमच्याकडून गेले नव्हते.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. शेतकीचा पदवीधर होऊन पुढे संशोधनाला लागलेला मुलगा. वर्गात असताना त्याचे शुद्धलेखन भयंकर होते. पण नजर तेव्हाही चांगली होती. मी त्याला रान दाखवले. आधी त्याला तणनाशकाचाच संशय आला. पण मोहरी पाहून तो थांबला. मग बांधालगतचे तास पाहिले आणि एकदम म्हणाला, ‘गुरुजी, इथं तीन वर्षं काहीच नव्हतं? गवतसुद्धा?’

‘काडी उभी राहू दिली नाही,’ मी अभिमानाने सांगितले.

तो काही बोलला नाही. खुरप्याने त्याने रानाच्या मध्यावरचा हरभरा, बांधालगतचा शाळू, मोहरीचे एक रोप आणि बांधावरची मारवेल अशी चार ठिकाणची मुळे मातीसकट काढली, ओल्या कापडात गुंडाळली आणि घेऊन गेला. पंधरवड्याने त्याचा फोन आला, ‘एकदा येऊन बघून जा. सांगून पटणार नाही.’

त्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक यंत्राला मी डोळा लावला तेव्हा पहिल्या काचेवर मारवेलचे मूळ होते. मुळे आधी एका द्रावणात उकळून पारदर्शक करतात आणि मग निळ्या रंगात बुडवतात. मूळ फिके राहते आणि त्यात दुसरे काही असेल तर ते तेवढे निळे दिसते. मला दिसले ते असे : विटांची भिंत असावी तशा पेशी एकावर एक रचलेल्या, आणि त्या विटांच्या सांध्यासांध्यांतून निळे दोरे धावत होते. काही ठिकाणी दोरा सांधा सोडून विटेच्या आत शिरला होता, आणि आत शिरून फांदला होता, पुन्हा फांदला होता. इतका, की एवढ्याशा पेशीत पानगळ झालेला पिंपळ उभा आहे असे वाटावे. शास्त्रज्ञांनाही झाडच दिसले असावे. कारण या रचनेला त्यांनी जे नाव दिले आहे, अर्बस्क्युल, त्याचा लॅटिनमधला अर्थ लहानसे झाड असाच आहे. मध्येच कोठे फुगे होते. ती बुरशीची तेलाची बुधली, तो म्हणाला.

‘ही बुरशी?’ मी दचकून विचारले. बुरशी म्हणजे लोणच्यावर येते ती, एवढेच आपले ज्ञान.

‘बुरशीच. पण ही रोग नाही, गुरुजी. ही पाहुणीही नाही. घरचीच.’

दुसऱ्या काचेवर माझ्या रानाच्या मध्यावरच्या हरभऱ्याचे मूळ होते. विटांची भिंत तीच. पण सांधे रिकामे. खूप शोधल्यावर एका कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचा तुटका तुकडा दिसला. पडक्या वाड्यात फिरताना एखादी जुनी बाराखडीची पाटी सापडावी तसा. तिसऱ्या काचेवर बांधालगतचा शाळू, पुन्हा निळ्या दोऱ्यांनी गजबजलेला. आणि चौथ्यावर मोहरी. तीही रिकामी! पण मोहरी तर रानात मजेत होती. तेव्हा कळले की मोहरी, मुळा, कोबी हे घराणेच या बुरशीला दार उघडत नाही. पालक आणि बीट यांचीही तीच रीत. ती आपले आपण कमावून खातात. म्हणून मोहरीला माझ्या रानात काही कमी पडले नाही. बाकीच्यांची मात्र कमावती बाईच घरातून गेली होती.

ती काय कमावून आणते, हे त्याने मला चहा पिता पिता समजावून सांगितले. पिकाला लागणाऱ्या नत्राचे पाण्याबरोबर पुष्कळ येणे-जाणे असते. स्फुरद तसे नाही. ते मातीच्या कणांना, विशेषतः आमच्या चुनखडीच्या काळ्या मातीत, घट्ट धरून बसते आणि जागचे हलत नाही. मूळ आपल्या भोवतालचे मिलिमीटर-दोन मिलिमीटरमधले स्फुरद खाऊन संपवते, आणि मग भरल्या कोठारात उपाशी बसते. ज्या गावच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारे खुली केली, त्या गावच्या माणसाला कोठाराला कुलूप असले तर काय होते हे वेगळे सांगायला नको. कुलूप उघडते ती ही बुरशी. तिचा धागा माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही बारीक. त्यामुळे जेथे मुळाचे केस शिरत नाहीत तेथे तो शिरतो आणि मुळापासून कित्येक सेंटिमीटर दूर जाऊन स्फुरद आणतो, जस्त आणतो. चमचाभर चांगल्या मातीत असा धागा कित्येक मीटर भरतो. तोच मातीचे कण गुंफून त्यांचे रवे करतो आणि त्या रव्यांच्या फटींतून पाणी मुरते. माझ्या रानावर पहिल्या पावसानंतर पापुद्रा धरला होता आणि अण्णाच्या रानावर धरला नव्हता, याची आठवण मला तेव्हा झाली.

आणि हे सारे ती फुकट करीत नाही. पीक उन्हात बसून जी साखर करते, तिच्यातला साधारण ४ पासून २० टक्क्यांपर्यंतचा वाटा या बुरशीला जातो. पुढे २०१७ साली असेही उघड झाले की ही बुरशी आपल्याला लागणारा मेदसुद्धा स्वतः तयार करू शकत नाही. तोही मूळच पुरवते. म्हणजे जिवंत मुळावाचून तिला दुसरा आसराच नाही. पीक निघाले की तिचे बीजकण आणि जुन्या मुळांच्या तुकड्यांतले धागे काही महिने तग धरतात. आमच्या रब्बीच्या रानात पावसाळाभर पाळ्या घालून जमीन मोकळी ठेवण्याची रीत आहे. तेवढे चार महिने ती काढते. पण वर्ष उलटले, दुसरे उलटले, आणि तरी मूळ म्हणून फुटले नाही, वर नांगराने तिचे जाळे दर वर्षी फाडले, तर ती उपासाने संपते.

‘उपासाने’ हा शब्द त्याने सहज वापरला. मला मात्र भाकरीचे पीठ लागलेले आईचे हात आठवले.

माझ्या आजोबांनीही जमीन पड टाकलेली मी ऐकली होती. मग त्यांच्या रानाला हे का झाले नाही? विचार करता करता एस.टी.त परतताना उत्तर सापडले. आजोबांची पड कधी बोडकी नव्हती. तिच्यात गवत माजे, गुरे चरत, बोरी-बाभळी उगवत. माणसाने पेरले नव्हते, पण मुळे होतीच. माझ्यासारखी तणनाशकाने घोटलेली पड हे आमच्या पिढीचे कर्तृत्व. वर्गात मी ‘पड’ हा एकच शब्द शिकवीत होतो. रानाच्या लेखी ते दोन निरनिराळे शब्द होते.

त्यानंतर मी या बुरशीच्या नादी लागलो. मिळेल ते वाचले, न समजेल ते त्या विद्यार्थ्याला विचारले. पूर्वी त्याच्या वहीतल्या ऱ्हस्व-दीर्घावर मी लाल शाई ओतीत असे, तेव्हा आता त्याने मला दोनदा समजावून सांगावे हा न्यायच झाला.

या नात्याला नाव मिळाले ते एका फसलेल्या उद्योगातून. जमिनीखाली ट्रफल नावाची फार महाग अळंबी वाढते. तिची लागवड करता येईल का, हे शोधण्याचे काम प्रशियाच्या सरकारने आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे सोपवले. ट्रफलची शेती काही त्याला साधली नाही. पण जंगलातल्या झाडांची मुळे उकरताना त्याच्या लक्षात आले की मुळांच्या टोकांवर बुरशीचे आवरण चढलेले आहे आणि तरी झाडे ठणठणीत आहेत. १८८५ साली त्याने बुरशी आणि मूळ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘मायकोरायझा’ हे नाव काढले आणि सांगितले की ही बुरशी झाडाला खात नाही, खाऊ घालते. त्या काळच्या अनेक पंडितांना ते पटले नाही. जंगली झाडांवरची ती बुरशी मुळाला बाहेरून लपेटते आणि आपल्या पिकांतली आत शिरते, हा त्यांच्यातला फरक. ही आतली पुष्कळ जुनी. स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी येथे सापडलेल्या, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या अश्मांत ती चिमुकली झाडे जशीच्या तशी दिसतात. त्या वनस्पतींना धड मुळेसुद्धा फुटली नव्हती. पण बुरशी होती!

आपल्या जवळचा धागाही यात आहे. होळकरांच्या इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ शेतीची संस्था चालवीत होते. काडीकचरा आणि शेण यांपासून खत करण्याची जी ‘इंदूर पद्धत’ पुढे जगभर गेली, तिच्यावरचे १९३१ सालचे पुस्तक हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड या दोघांच्या नावावर आहे. वाडांचे नाव आपण फारसे घेत नाही, हे मला खटकते. पुढे १९४० सालच्या आपल्या ग्रंथात हॉवर्ड यांनी या बुरशीला फार मोठे स्थान दिले. कुजलेल्या खताचा कस पिकापर्यंत नेणारा जिवंत पूल म्हणजे ही, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे सगळे अंदाज काही नंतर टिकले नाहीत. पण रान सुपीक असणे म्हणजे नुसते पोत्यातले खत ओतणे नव्हे, हे त्यांनी इंदूरच्या काळ्या मातीत उभे राहून ओळखले होते. पुढे इंग्लंडातच बार्बरा मॉस या बाईंनी सफरचंदाची रोपे बुरशीसह आणि बुरशीवाचून वाढवून १९५७ साली फरक दाखवून दिला.

पण मला सर्वांत जिव्हाळ्याचे वाटले ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे शेतकरी. त्यांची जमीन आमच्यासारखीच, काळी आणि भेगाळणारी. ओल साठावी म्हणून ते एकेक वर्ष, कधी त्याहून अधिक काळ, रान तणविरहित ठेवीत. आणि मग सूर्यफूल, मका, हरभरा, जवस पेरले की पीक खुजे राही, पाने स्फुरद नसल्यासारखी दिसत. ‘दीर्घ पडीचे दुखणे’ असेच त्याला नाव पडले होते. टूवूम्बा येथील गहू संशोधन संस्थेतल्या जे. पी. थॉम्पसन यांनी १९८७ साली दाखवून दिले की लांबलेल्या पडीत ही बुरशी घटते आणि त्याचेच हे फळ. सर्वांत जास्त हाल जवसाचे. गव्हाचे त्या मानाने कमी. वाचताना मला हसूही आले आणि बरेही वाटले. तळतळाट लागायला तेथे, समुद्रापलीकडे, अण्णा नव्हता.

येथे कादंबरीकाराला एक मोह होतो. जमिनीखाली सारी झाडे या धाग्यांनी जोडलेली असतात, आई लेकरांना खाऊ पाठवते, एक झाड दुसऱ्याला धोक्याची सूचना देते, अशा गोष्टी अलीकडे फार लोकप्रिय झाल्या आहेत. त्यांवर दिवाळी अंकाची चार पाने सहज भरतील. पण २०२३ साली या विषयातल्याच तीन शास्त्रज्ञांनी सगळे पुरावे तपासून, जंगलांविषयीची ही विधाने पुराव्याच्या फार पुढे पळाली आहेत, असे बजावले. माझ्या विद्यार्थ्याने तर मला अगोदरच सांगून ठेवले होते की हे प्रेमबीम नव्हे, हा रोखठोक व्यवहार आहे. २०११ साली टोबी कीर्स या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवले, की जी बुरशी जास्त स्फुरद आणते तिला मूळ जास्त साखर देते, आणि जे मूळ जास्त साखर देते त्याला बुरशी जास्त स्फुरद देते. दोघेही हिशेब ठेवतात. खताचे स्फुरद वारेमाप ओतले तर पीक बुरशीला विचारीनासे होते. मला हे प्रेमाच्या गोष्टीपेक्षा अधिक आवडले. हिशेब ठेवूनही ४० कोटी वर्षे टिकलेला संसार! आमचा तर एका हातभर बांधावर मोडला होता.

आता करायचे काय? बाजारात ही बुरशी ‘व्हॅम’ म्हणून पुडीत मिळते. विद्यार्थी म्हणाला, रोपवाटिकेत, जेथे रोप लहानपणीच तिच्याशी जोडून द्यायचे असते, तेथे चांगली पुडी फार उपयोगी; पण तुमच्या रानात आधी तिला मारणे थांबवा. नांगरट कमी करा. आता आहे ते पीक, दिसायला कसेही असले तरी, मोडू नका. त्याच्या मुळांवरच ती पुन्हा वाढेल. पुढच्या मृगाला मूग पेरा, पावसाळाभर रानात मूळ राहू द्या. ‘आणि पेरताना बांधावरची मुळांसकट माती काढून तासात टाका. बियाणं तिथं राखून ठेवलंय तुमच्या आजोबांनी.’

बांधावरची माती! ज्या बांधाला हात लावू नये असा हुकूम मीच आणवला होता.

मार्गशीर्षातली येळवस आली. आमच्याकडे त्या अमावस्येला रब्बीच्या रानात कडब्याची कोप करून पांडव मांडतात आणि साऱ्या गोतावळ्याला रानात जेवायला बोलावतात. माझ्या रानात बोलावण्यासारखे काही नव्हते. आई सकाळीच अंबिलाची घागर घेऊन अण्णाच्या रानात निघून गेली होती. ‘कोर्टाच्या हुकुमात अमावस्या येत नाही,’ असे तिने मला वर ऐकवले. दुपारी मीही बांध ओलांडला. थोरल्या काकूने काही न बोलता पत्रावळ मांडली. बाजरीचे उंडे, भज्जी, अंबील. तीन वर्षांनी. घास गिळेना, म्हणून मी सरळ मुद्द्यावर आलो.

‘अण्णा, बांधावरची माती पाहिजे. मृगाला. दहा-वीस पाट्या.’

अण्णाने वाडगा खाली ठेवला. ‘तीन वर्सं बांध कोरला म्हणून भांडलास. आन आता इचारून कोरणार व्हय?’

मी त्याला सगळे सांगितले. विटांची भिंत, निळे दोरे, मोहरी, क्वीन्सलँड. विजेरी घेऊन त्याच्या पापाचा पुरावा शोधत आलो होतो तेही सांगितले. ते सांगायचे ठरवले नव्हते. अण्णा खूप वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, ‘म्हंजी ही बुरशी बांधाखालनं माझ्याकडनं तुझ्याकडं येती?’

‘येते. आणि माझ्याकडून तुझ्याकडेही जाते. गेली असती, माझ्याकडं असती तर.’

‘मग तिला मनाई हुकूम लागू हाय का न्हाई?’

थोरली काकू तोंडाला पदर लावून हसली. आईला आधी कळलेच नाही. मग तीही हसली.

आमच्या दोघांच्या वकिलांनी, दावा चालू असताना बांधाला हात लावणे धोक्याचे आहे, असे आपापल्या परीने बजावले. तेव्हा आम्ही दोघांनी मिळून, एकमेकांच्या संमतीने, असा कागद केला. तो कागद लिहिला मी, आणि मराठी शिकवण्याच्या माझ्या साऱ्या कारकिर्दीत इतके काळजीपूर्वक मी काही लिहिलेले नाही. २०१७ च्या मृगाला, पहिला पाऊस होऊन वाफसा आल्यावर, आम्ही माती काढली. अण्णा टिकाव मारीत होता आणि मी पाटी भरीत होतो. माती आठ-नऊ बोटे खोल, हराळीच्या मुळ्यांनी विणलेली, हातात घेतली तर सुटता सुटेना. ‘दोन्ही अंगानं सारखी काढ,’ अण्णा म्हणाला, ‘न्हाईतर पुन्यांदा कोर्टात जाशील. आन बोरीच्या मुळाला धक्का लावू नगं.’

वीस पाट्यांनी चार एकर सुधारत नाहीत, हे विद्यार्थ्याने स्पष्ट सांगितले होते. मोठे काम केले ते त्या खुज्या शाळूच्या मुळांनी, आणि नंतर मुगाच्या मुळांनी. पण २०१७ च्या रब्बीत त्या मातीवर पेरलेले जवसाचे तास मी रोज शाळेत जाताना पाहत असे आणि मला ते इतरांहून उंच वाटत. हे शास्त्र नव्हे, हे मला मान्य आहे. जानेवारीच्या सकाळी जवसाला ती निळी, दुपारपर्यंत गळून पडणारी फुले आली तेव्हा, सूक्ष्मदर्शकातल्या निळ्या दोऱ्यांचीच ती फुले झाली की काय, असे मनात आले. तेही शास्त्र नव्हे. तो रंग तर प्रयोगशाळेतल्या बाटलीतला होता.

दावा पुढे २०१९ साली आम्ही मागे घेतला. मोजणी झाली तेव्हा बांध दोघांच्याही बाजूंनी वीत-दीड वीत कोरलेला निघाला. आता पावसाळ्यात माझ्या रानात मूग नाहीतर उडीद असतो, आणि बांधाकडेला थोडी हराळीही असते. परवा एकाने गाडी हळू करून तिच्याविषयी मला सुनावलेच.

त्या वर्षी जवस झाले दोन पायल्या. आईने ते थोरल्या काकूकडे पोहोचते केले, कारण जवसाची चटणी आमच्या घराण्यात तिच्याच हातची चांगली होते. तिसऱ्या दिवशी अण्णाचा मुलगा निम्मी चटणी डब्यात घेऊन आला. मीठ जरा कमी झाले आहे, असा काकूचा निरोप होता.